गरम ब्रेकवर ठेवलेला पाय

ब्रेक दाबला की गाडी थरथरायची. थोडीथोडकी नाही. स्टिअरिंग हातात असं नाचायचं की बारकूच्या कोपरापर्यंत मुंग्या यायच्या, आणि पायाखालचं पेडल खालून कुणीतरी ढोसावं तसं वरखाली व्हायचं. एरवी हीच गाडी गरीब गाय. चढ चढायची, ओझं ओढायची, तक्रार नाही. ब्रेकला पाय लागला की मात्र बाईसाहेबांचा नूर बदलायचा.

बारकू हे नाव ऐकून कुणी काडीपैलवान डोळ्यांपुढे आणू नये. पन्नाशी ओलांडलेला, दारात उभा राहिला तर दार भरून टाकणारा माणूस होता तो. दोघा भावंडांत धाकटा, म्हणून ताईनं लहानपणी बारकू म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. टेकडीवरच्या कारखान्यातून फरश्या भरायच्या आणि खाली दुकानांत, बांधकामांवर नेऊन उतरवायच्या, हा त्याचा धंदा. गाडी जुनी पिकअप. तिचा मूळ रंग निळा की हिरवा यावर बारकू आणि मिस्त्री यांचा वाद होता, आणि दोघंही हट्टाला पेटणारे असल्यामुळे तो मिटायची चिन्हं नव्हती.

मिस्त्री म्हणजे शाळेपासूनचा सोबती. गॅरेज त्याचंच, हातही त्याचेच, आणि तोंडाला तर काही धरबंधच नाही. बारकूची गाडी फाटकातून आत येताना तिचा ब्रेक लागला, नाक डुलडुललं, आणि मिस्त्रीनं बघूनच डोक्याला हात लावला.

"पुन्हा?"

"पुन्हा," बारकू म्हणाला.

"अरे, पहिल्यांदा ब्रेकच्या डिस्क काढून लेथवर घासून दिल्या. बरोबर?"

"बरोबर."

"नंतर नव्याकोऱ्या डिस्क घातल्या. त्यांच्यामागची बैठक गंजली होती, ती मी स्वतः घासून आरशासारखी केली. चाकाचे नट कुणा पंक्चरवाल्याच्या भरवशावर न सोडता मोजून मापून आवळले. आणि तू म्हणतोस पुन्हा?"

"मी कुठं म्हणतोय? गाडी म्हणतेय."

"लोक काय म्हणतील? मिस्त्रीला साधा ब्रेक जमत नाही म्हणतील. माझ्या नावाची पार वाट लावलीस तू!" हातातला पाना त्यानं बाकावर आपटला. मग, राग आला की करतो तसं, चहा मागवला.

बारकूला खरं तर मिस्त्रीचा राग बरा वाटत होता. निदान समोरचा आपल्याशी बोलत तरी होता. घरी गेलं की बोलायला भिंती. कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, सकाळचं भांडं सकाळी ठेवलं तिथंच, तसंच. भांडं कुणी हलवत नाही, ही गोष्ट माणसाला एवढी छळेल असं त्याला आधी कुणी सांगितलं असतं तर त्यानं हसण्यावारी नेलं असतं.

ताई असताना असं नव्हतं. आईवडील लवकर गेले, बारकूनं लग्न केलं नाही, ताईचं जमलं नाही, आणि दोघं भावंडं एका छपराखाली म्हातारी व्हायला लागली होती. आणि मग साठीला टेकलेली ही बाई एक दिवस भाजी चिरता चिरता म्हणाली, "मी लग्न करतेय." कुणाशी, तर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका विधुराशी. उताराच्या पायथ्याशी त्याचं घर आणि घरातच दुकान. बारकूला आधी हसू आलं. ती थट्टा करत नाहीये हे कळल्यावर मात्र त्याचं डोकं फिरलं, आणि तोंडाला येईल ते तो बोलून गेला. "त्या म्हाताऱ्याला बायको नकोय, फुकटची मोलकरीण हवीय. एवढंही कळत नाही तुला?" ताईनं विळी बाजूला ठेवली आणि उठून गेली. लग्नाला सगळं गाव जेवलं, मिस्त्री दोनदा वाढून घेऊन जेवला. बारकू त्या दिवशी फरश्या वाहत होता.

तेव्हापासून बोलणं बंद. त्याला दोन वर्षं झाली. आणि या माणसाला जगात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे ताईनं परत घरी यावं. तिच्या खोलीत तिची गादी अजून घातलेली होती. तो रोज ती झटकायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हता.

चहा संपला तसा मिस्त्री उठला. "चल. आधी मला नीट कळू दे, घोडं कुठं अडलंय ते."

मागच्या रिकाम्या रस्त्यावर त्यानं बारकूला गाडी पळवायला लावली आणि स्वतः शेजारी बसून, पेडलला पाय न लावू देता, हँडब्रेक हलके हलके ओढला. गाडी मुकाट मंदावली. थरथर नाही, काही नाही. "मागचे ड्रम सुटले यातून," तो म्हणाला. "हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. दोष तिथं असता तर आता हलली असती. आता पायानं दाब." बारकूनं दाबला. स्टिअरिंग लटपटायला लागलं. "पुढंच आहे, हरामखोर पुढंच आहे," मिस्त्री म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडा आनंदही होता.

गॅरेजमध्ये गाडीचं नाक उचलून त्यानं चाकं काढली. ब्रेकची पकड ज्या पिनांवर पुढंमागं सरकते त्या बोटांनी ढकलून बघितल्या, लोण्यासारख्या सरकत होत्या. मग डिस्कला काट्याचं माप लावलं आणि डिस्क हातानं फिरवली. डिस्क वाकडी असेल तर काटा डोलतो. काटा जागचा हलला म्हणायलाही जागा नव्हती.

"सरळ आहे रे," मिस्त्री बुचकळ्यात पडला. "सुतासारखी सरळ."

बारकू डब्यावर बसून बघत होता. त्याला घाई नव्हती.

मग मिस्त्रीनं खडूनं डिस्कवर जागोजागी खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेपाशी जाडी मोजली. सारखी, सारखी, सारखी. एका ठिकाणी तो थांबला, माप पुसलं, पुन्हा लावलं. इथं डिस्क जाड होती, अगदी केसाएवढी. दिवा हातात घेऊन त्यानं तिरका धरला आणि शीळ घातली.

"ये इकडं. बघ."

चकचकीत लोखंडावर एक काळपट डाग होता. ओबडधोबड नव्हता. ब्रेकचं पॅड जेवढं आणि जसं, तेवढा आणि तसाच. दुसऱ्या चाकावरही तेच.

"हा काय प्रकार?" बारकूनं विचारलं.

"इस्त्री तापवून कापडावर तशीच विसरलास तर काय होतं?"

"डाग पडतो."

"मग हेच झालंय. उतारावरून भरलेली गाडी आणलीस की ब्रेक तापून लाल होतात. गाडी चालती असली तर काही नाही, गार होतात. पण तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून एका जागी उभा राहिलास की पॅडचा मसाला तिथंच चिकटतो. एकदा चिकटला की तेवढी जागा जाड. चाक फिरताना ती जागा आली की धक्का, पुन्हा आली की पुन्हा धक्का. हीच तुझी थरथर." मिस्त्रीनं दिवा खाली ठेवला. "आणि हे एका दिवसाचं काम नाही. हा रोजचा रतीब आहे. बोल, कुठं उभा राहतोस?"

"कुठंच नाही."

"फाटक लागतं का?"

"त्या रस्त्याला कुठलं आलंय फाटक?"

"मग पोलीस अडवतो?"

"मला कशाला अडवेल पोलीस?"

"तेच विचारतोय मी, गाढवा! मग थांबतोस कशाला?"

"थांबत नाही म्हटलं ना," बारकू म्हणाला आणि त्याचे कान तापले. लहानपणी खोटं बोलताना तापायचे तसेच तापले, आणि मिस्त्री लहानपणापासून त्याला ओळखत होता. पण का कोण जाणे, मिस्त्रीनं तो विषय सोडला. डिस्क लेथवर चढवल्या, दोन्ही बाजू अगदी बारीक घासून काढल्या, नवीन पॅड घातली. सगळं बसवून झाल्यावर हात पुसत म्हणाला, "उद्या भरलेली गाडी घेऊन मी तुझ्याबरोबर उतार उतरणार. माझ्या डोळ्यांदेखत."

"कशाला उगाच? तुझं काम खोळंबेल."

"माझं नाव खोळंबलंय त्याचं काय?"

रात्री बारकूनं ठरवून टाकलं. उद्या त्या घरासमोर थांबायचं नाही. एक दिवस नाही थांबलं म्हणून काही बिघडत नाही. मिस्त्रीला पत्ता लागला तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल, पोरंटोरं हसतील. हे ठरवल्यावर त्याला झोप लागायला हवी होती, ती काही लागली नाही. उद्याचा दिवस ताईच्या दाराकडे न बघता जाणार, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

सकाळी आधी मिस्त्रीनं सपाट रस्त्यावर नवीन पॅड रुळवून घेतली. गाडी पळवायची, ब्रेक लावून मंद करायची, पण पूर्ण थांबवायची नाही. पुन्हा पळवायची, पुन्हा मंद. मग ब्रेकला पाय न लावता वारा लागू द्यायचा. "आत्ता थांबलास तर गळा दाबीन," असं तो दर वेळी बजावत होता. पेडल पायाखाली गप्प होतं. स्टिअरिंग दोन बोटांत राहत होतं. बारकूला विश्वास बसेना.

"कसं वाटतंय?"

"कुणी नसल्यासारखं," बारकू म्हणाला. मिस्त्रीनं त्याच्याकडे तिरकं बघितलं.

वर जाऊन फरश्या भरल्या. मागचे स्प्रिंगचे पाटे चांगले दबले. उताराला लागल्यावर मिस्त्रीनं त्याला दुसऱ्या गिअरमध्ये ठेवायला लावलं, इंजिनाला काम करू दे म्हणाला, तरी वळणावळणावर ब्रेक लागतच होते. खिडकीतून तापल्या लोखंडाचा वास येऊ लागला. खाली गावाची छपरं दिसली. शेवटचं वळण आलं. बारकूनं नजर सरळ पुढं रोखली. थांबायचं नाही, थांबायचं नाही, असं मनात म्हणत होता, आणि त्याचा पाय आपोआप पेडलवर गेला, दाबला गेला, आणि गाडी उतार संपता संपता, निळ्या दाराच्या घरासमोर, रस्त्याच्या अलीकडच्या कडेला येऊन थांबली. शपथेवर सांगतो, त्यानं थांबवली नाही. पायानं थांबवली.

इंजिन चालू. पाय ब्रेकवर.

पलीकडच्या खिडकीत एक टक्कल चमकत होतं. घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून मान खाली घालून बसले होते. दार लोटलेलं होतं.

मिस्त्रीनं एकदा त्या खिडकीकडे बघितलं, एकदा बारकूच्या पायाकडे.

"रोज?" त्यानं विचारलं.

"रोज."

"आणि किती वेळ?"

"थोडाच. इंजिन चालू असतं की."

"मग शहाण्या, हँडब्रेक तरी ओढायचास! पाय दाबून काय बसतोस?"

बारकूला हे उत्तर कुणाला द्यावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. "हँडब्रेक ओढला की आल्यासारखं होतं," तो म्हणाला. "मी आलेलो नाही. जाता जाता थांबलोय. आधी तिनं बाहेर यायला पाहिजे."

"येते?"

"नाही."

"कधीतरी?"

"एकदा कपडे वाळत घालायला आली होती. बघितलं नाही तिनं. की बघून न बघितल्यासारखं केलं, कुणास ठाऊक." त्याचा आवाज चिरकला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. "आली की मी दार उघडणार. ती बसणार. आम्ही घरी जाणार."

हे बोलून झाल्यावर ते किती खुळ्यासारखं आहे हे त्याला स्वतःलाच ऐकू आलं. मिस्त्री हसला असता तर बरं झालं असतं. मिस्त्री हसला नाही. त्यानं हात पुढं करून हँडब्रेक करकचून वर ओढला.

"उतर."

"काय?"

"ब्रेक तापलेत. गाडी इथं उभी राहिली तर पुन्हा डाग पडणार आणि माझी मेहनत मातीत. मला ती चालती ठेवायला हवी. तू उतर."

"मग मीच नेतो की पुढं."

"आज नेशील, उद्या पुन्हा इथंच येऊन पाय दाबून बसशील. मी काय जन्मभर तुझ्या डिस्क घासत बसू? फरश्या मी टाकतो दुकानात. उतर म्हणतो ना!"

"अरे, पण मी तिथं जाऊन बोलू काय?"

"ते मला काय विचारतोस? मी ब्रेकचा माणूस."

आणि त्या राक्षसानं बारकूला अक्षरशः ढकलून उतरवलं, स्वतः सरकून स्टिअरिंगमागं बसला आणि गाडी घेऊन निघून गेला. बारकू भर रस्त्यात, हात मोकळे, उभा राहिला. आजवर तो या जागी नेहमी पत्र्याच्या आत, काचेमागं, इंजिनाच्या आवाजात असायचा. आता एवढा मोठा देह आणि आडोशाला काही नाही. परत जावं तर चालत जावं लागणार, तेही खिडकीसमोरून. त्यानं रस्ता ओलांडला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

दार घड्याळवाल्यांनीच उघडलं. भिंग अजून कपाळावर चढवलेलं. वाळका, बुटका माणूस. बारकूच्या छातीशी त्याचं डोकं येत होतं.

"या," ते म्हणाले. एवढंच. जणू कालच भेट झाली होती.

आत दुकान आणि घर यांच्यामध्ये एक पडदा होता. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. पडदा सारून ताई आली. बारकू मनाशी धरून चालला होता की ती वाळली असेल, थकली असेल, डोळे खोल गेले असतील. कितीदा त्यानं ते मनात रंगवलं होतं. ताई चांगली भरली होती. गालांवर मांस आलं होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही.

"गाडी कुठं गेली?" तिनं पहिलं तेच विचारलं.

"मिस्त्रीनं नेली. ब्रेकचं काम होतं."

"बस."

तो बसला. घड्याळवाले म्हणाले, "मी चहा टाकतो," आणि आत गेले. भांड्याचा आवाज आला. ताई उठली नाही. समोरच्या खुर्चीत पाठ टेकून बसून राहिली. बारकूनं आपल्या जन्मात ताईला बसलेलं आणि दुसऱ्या कुणाला चहा करताना पाहिलं नव्हतं. त्यानं स्वतः तर कधीच केला नव्हता. त्याची मान आपोआप खाली गेली.

"साखर किती?" आतून आवाज आला.

"तीन चमचे घाला त्याला," ताई म्हणाली. मग बारकूकडे वळून, "अजून तीनच ना?"

त्यानं मान हलवली.

चहा आला तो काठावर सोनेरी रेघ असलेल्या कपात, खाली बशी. ताई आणि घड्याळवाल्यांच्या हातात मात्र स्टीलचे पेले होते. बारकूनं त्या तिन्हीकडे एकदा बघितलं. सोनेरी रेघेचे कप कुणासाठी काढतात हे त्याला कळत होतं. तीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्या घरी तो पाहुणा होता. घड्याळवाले आपला पेला घेऊन, "एक काम अर्धं राहिलंय," असं पुटपुटत पडद्यापलीकडे गेले. समजूतदार माणूस. हे बारकूच्या मनात आलं आणि ते आल्याचा त्याला रागही आला.

"ताई, मी तेव्हा जे बोललो ना..."

"बोललास," ती म्हणाली. "मला लागलं ते. वर्षभर लागत होतं. भांडी घासताना आठवायचं, झोपताना आठवायचं. मग कमी कमी होत गेलं."

"चुकलो मी."

"हो."

तिनं त्याला सोडवलं नाही, झटकूनही टाकलं नाही. बशीत सांडलेला चहा त्यानं परत कपात ओतला.

"रोज येतो मी इथं. समोर."

"माहीत आहे की. सबंध गल्लीला माहीत आहे. गाडी आहे का तोफ आहे ती?"

"मग बाहेर का नाही आलीस कधी?"

"कशाला येऊ?" ताई एकदम उसळली. "रोज येतोस आणि इंजिनसुद्धा बंद करत नाहीस! निघायच्या घाईत असलेल्या माणसाला हाक कशी मारायची? मला वाटायचं बघायला येतोस. माझे हाल कधी होतायत, मी मोलकरीण कधी होतेय, ते बघायला. हे म्हणायचे, जाऊन बोलवून आणतो. मीच नको म्हणायचे. म्हटलं, त्याला यायचं असेल तर दार आहे ना समोर."

"मला वाटायचं तू रागावलीस म्हणून येत नाहीस."

"होतेच रागावलेली."

उरलेला चहा घोटाघोटानं संपला. मग बारकूनं कप खाली ठेवला. जे बोलायचं ते आत्ता नाही बोललो तर कधीच बोलता येणार नाही, एवढं त्याला कळलं.

"ताई, घरी चल."

"का? तुला बरं नाहीये का?"

"बरा आहे."

"मग?"

त्याच्याकडे कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण ते एवढं मोठं होतं की तोंडातून निघेना. "घर खायला उठतं गं," तो शेवटी म्हणाला. "संध्याकाळी कुलूप काढलं की नको वाटतं आत जायला. बोलायला कुणी नाही. दिवसच्या दिवस माझा मला आवाज ऐकू येत नाही. तुझी खोली तशीच ठेवलीय मी. गादी रोज झटकतो. चल ना."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले, पण तिनं ते पुसले नाहीत, आणि ती नरमलीही नाही.

"बारकू," ती म्हणाली, "तू सकाळी गाडी घेऊन निघायचास. रात्री यायचास. जेवायचास आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचास. मधला सगळा दिवस मी त्या घरात एकटी असायचे. मला नसेल खायला उठलं ते घर? आणि दोन वर्षं नाही. मी तरुण होते तेव्हापासून."

बारकूनं खाली ठेवलेला कप उगाच बशीत फिरवला. हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्याच्या लेखी ताई म्हणजे घरच होती. घराला एकटं वाटतं, असं कुणाच्या मनात येतं का?

"तू बोलली नाहीस कधी," तो म्हणाला.

"तू विचारलं नाहीस कधी."

"यायची नाहीस मग."

"नाही रे. मी इथं बरी आहे." तिनं पुढं वाकून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. सांधे सुजलेले, तरी उबदार हात. "तू ये. रविवारी जेवायला ये. आदल्या दिवशी निरोप पाठव म्हणजे झालं."

रविवारी. निरोप पाठवून. बारकूनं मान डोलावली. खोलीतली ती गादी आज रात्री गुंडाळून ठेवावी लागणार होती. ते काम त्याला करायचं होतं, दुसरं कुणी करणारं नव्हतं, आणि ते केल्यावर ती खोली कशी दिसेल हे त्याला बसल्या जागी दिसलं. त्यानं डोळे मिटले आणि उघडले.

बाहेर त्याच्या गाडीचा हॉर्न वाजला. मिस्त्री फरश्या टाकून आला होता.

"जा, खोळंबलाय तो," ताई म्हणाली.

"थांबेल." बारकूनं पडद्याकडे तोंड करून हाक मारली, "भावोजी, त्याला जरा आत बोलवता का? त्यालाही चहा लागतो." पडद्यापलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो ताईकडे वळला. "दिवसभर काय करायचीस गं तू? मी गेल्यावर?"

"आता कशाला ते?"

"सांग ना."

"खरंच ऐकायचंय?"

"हो."

ताईनं पेला बाजूला ठेवला आणि खिडकीबाहेर बघितलं. "तू गेलास की मी दार लावून घ्यायचे," ती म्हणाली. "कडी घालायचे. मग थोड्या वेळानं उठून पुन्हा उघडायचे. म्हटलं, कुणी आलंच, तर बंद दार बघून परत जायला नको."

"मग? यायचं कुणी?"

"नाही," ताई म्हणाली. "पण मी उघडं ठेवायचे."